घरी बसून द्यायची परीक्षा

ऑक्टोबरात आईने पाच शाळांना फोन केले.
चार म्हणाल्या, बाहेरची मुलं आम्ही घेत नाही.
पाचवीने, चाळीस मैलांवरच्या, जरा घुटमळत
व्यायामशाळेतली एक खुर्ची दिली आयलीला :
तिसरी रांग, दाराजवळ, वारा येतो, स्वेटर आणा.

त्या एका खुर्चीसाठी सगळा हिवाळा.
सुपिरिअर सरोवर गोठत गेलं
आणि सॉनाच्या लाकडी खोलीत, चूल न पेटवता,
कानटोपी घालून आयली सनावळ्या घोकत राहिली.
सव्वातीन तास एका जागी बसायची सवय
आईने तिला लावली, घोड्याला लांब पल्ल्याची लावतात तशी :
आज चाळीस मिनिटं, उद्या पन्नास,
फेब्रुवारीत दोन तास,
आणि रात्री मनगटाला गरम मिठाची पुरचुंडी.
मी दाराबाहेर, अंडी उकडायचं घड्याळ धरून.
माझं वय नऊ. माझं काम, 'संपलं' म्हणणं.

गोल भरायचाही सराव होता. अ ब क ड.
रेघेबाहेर जायचं नाही.
बारा पेन्सिली, टोकं काढून, डब्यात.

मग एप्रिलमधल्या एका शुक्रवारी पत्र आलं.
खुर्ची नाही. व्यायामशाळा नाही. गोल नाहीत.
एकच प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं,
पुस्तक उघडं ठेवलं तरी चालेल,
शेवटची दोन प्रकरणं गाळली आहेत,
आणि परीक्षा घरी बसून द्यायची आहे.

आईने ते दोनदा वाचलं आणि हसत सुटली.
'घरी बसून,' ती म्हणाली, 'घरी बसून!'
त्याच आठवड्यात समोरच्या कारवोनेनबाई,
ज्यांनी आठ वर्षं आमच्याकडे पाहून मान हलवली होती,
कुंपणापाशी येऊन, सहा फुटांवरून
विचारत होत्या : मुलं ऐकतात कशी हो तुमचं?

आयली हसली नाही.
गाळलेली दोन प्रकरणं तिची सर्वांत लाडकी होती.
ती सॉनात गेली आणि तीच वाचत बसली,
कुणी विचारणार नाही हे ठाऊक असून.
त्या दिवशी मी घड्याळ लावलं नाही.

आणि घरी इंटरनेट नव्हतं.
म्हणजे होतं, वारा पडला की,
माळ्यावरच्या खिडकीत, मोबाइलवर एक काडी.
लिहून झालं की पाच मिनिटांत
कागदांचे फोटो पोचले पाहिजेत.
काडीला कोण सांगणार?

म्हणून मे महिन्यात, दुपारी दोनला,
घरीच शिकलेली माझी बहीण
घरी द्यायची परीक्षा द्यायला घराबाहेर पडली.
बंद वाचनालयाचं पार्किंग.
भिंतीतून झिरपणारं वाय-फाय.
कडेला वितळायचा राहिलेला काळपट बर्फ.
मागच्या सीटवर मी आणि कुत्रा,
दोघांनाही श्वास हळू घ्यायची ताकीद.
आई बाहेर, कॉलर वर करून, पहाऱ्यावर,
रिकाम्या पार्किंगमध्ये कुणी शेजारी गाडी लावू नये म्हणून.

आयली लिहीत होती. पुस्तक मांडीवर, मिटलेलं.
काच आतून धुकटली. मी बोटाने
गोल काढले, अ ब क ड,
आणि क पूर्ण भरला, रेघेबाहेर न जाता.

मग फोटो. पडद्यावरची चकती फिरतेय.
कुत्र्याने जांभई दिली. फिरतेय.
'पोचलं,' आयली म्हणाली, कुणालाच नाही.

आईने काचेवर टकटक केली.
ती दिसावी म्हणून आयलीने बाहीने काच पुसली,
माझा क त्यात गेला.
'झालं?' आईने ओठांनी विचारलं.
आयलीने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,
'अडीच तास उरलेत रे.
त्यांचं काय करायचं?'

आई आत येऊन बसली. किल्ली तिने फिरवली नाही.
आम्ही तसेच बसलो, बराच वेळ,
डब्यातल्या पेन्सिली एकही न झिजता,
आणि 'संपलं' म्हणायला
मला कुणी सांगितलं नाही.